तारांखालचा आंबा

आबा गेले तेव्हा शेतात कांद्याची लागवड चालू होती. साक्रीकडच्या आमच्या गावात आता बरेच लोक रक्षा नदीत सोडत नाहीत. शेतात खड्डा करून त्यात ती पुरतात आणि वर झाड लावतात. आमच्या वडिलांसाठीही तेच ठरलं. मायने जागा दाखवली ती विजेच्या मोठ्या लाइनखालची. तिथे वाफे नव्हते, वर मोकळं आभाळ होतं, आणि दुपारची भाकर आबा तिथल्याच बांधावर बसून खायचे.

त्या पट्ट्यात आबांनी उभ्या आयुष्यात हरभऱ्यापेक्षा उंच काही लावलं नव्हतं. उन्हाने तारा तापतात आणि खाली झोळ धरतात, हे ते आम्हाला लहानपणापासून सांगत आले. भावाने एकदा तिथे तूर पेरायची म्हटली, तर दिवसभर त्याच्याशी बोलले नाहीत. जागा मोकळी राहिली होती ती त्यामुळेच. पण त्या सकाळी हे भावाला आठवलं नाही, मलाही नाही. आम्हाला अडवणारा एकच माणूस होता, आणि त्याचीच रक्षा घेऊन आम्ही उभे होतो. वर आंब्याचं रोप लावलं.

दोन पावसाळ्यांत आंबा माझ्या खांद्याला लागला. मग लाइनवर काम निघालं. टॉवर तेच ठेवून जुन्या तारा उतरवायच्या आणि जास्त वीज वाहणाऱ्या नव्या ओढायच्या होत्या. मी तेव्हा सुट्टीत जळगावहून आले होते. सुपरवायझर सभ्य माणूस. लाइनखाली आंबा ठेवता येणार नाही, तारा ओढायच्या आधी काढून घ्या, असं त्याने समजावून सांगितलं. दरवर्षी शेंडा छाटला तर चालेल का, असं भावाने विचारलं. तो उत्तर देण्याआधीच माय म्हणाली की या झाडाला कोयता लागणार नाही.

शेवटी आंबा मुळांच्या मातीसकट उचलून विहिरीजवळ लावायचं ठरलं. लाइनवरचे दोघं-तिघं आपणहून मदतीला आले. त्यांनी गोल खणलं, खालून गोणपाट सारलं. माय काठावरून सांगत होती, अजून खोल घ्या, अजून, सगळी माती येऊ द्या.

"माय, आते खडक लागना," भाऊ म्हणाला. "बठ्ठी माती कशी उचलूत?"

तिने खाली वाकून खड्ड्यातली माती चाचपली. मग म्हणाली, "झाड ली जा. पन त्या तं आठेच शेतस."

झाड न्या, पण आबा तर इथेच आहेत, असं तिचं म्हणणं; भाऊ गोणपाटाची टोकं बांधू लागला. आंबा गेला, खड्डा बुजवला, आणि थोड्याच दिवसांत वर नव्या तारा चमकू लागल्या.

आंबा विहिरीजवळ जगला. माय त्याला नेमाने पाणी घालते, पण पाहुण्याच्या हाती तांब्या द्यावा तसं. मग पुन्हा बादली भरून ती तारांखाली जाते. भावाने तिथे हरभरा पेरला आहे. जास्तीच्या पाण्याने तेवढ्या गोलातला हरभरा पिवळा पडतो.