चहा पिताना ठरलेली केस

पडदा वर जातो, तेव्हा समोर दिसतो ऑपरेशन थिएटरबाहेरचा लांबलचक पांढरा बोळ. डावीकडच्या दारावर पाटी, ‘डॉक्टर’. उजवीकडच्या दारावर, ‘नर्स’. आपली नायिका आहे डॉक्टर, पण कपडे बदलायला जाते उजवीकडे. कारण डावीकडे सगळे बाप्ये.

हाडांच्या शस्त्रक्रियेचं शिक्षण घेणारी तिथली ती एकटीच बाई. घरी सासूबाईंचा रोजचा पाढा ठरलेला, “अगं, त्वचेचं शिकायचंस. दुपारी घरी तरी आली असतीस. हातोडी-करवत सुताराच्या हातात शोभते.”

“आई, सुतार खुर्ची करतो, ती जागेवर बसते. माझी माणसं उठून चालायला लागतात.”

आणि तेच तिचं वेड होतं. उचलून आणलेलं माणूस आपल्या पायांनी घरी निघालं, की तिचा सगळा शीण उतरायचा. पण त्यासाठी हत्यार हातात मिळायला हवं ना! आजवर नशिबी एवढंच, की दुसऱ्याने कापावं आणि हिने पेशंटचा पाय धरून ताटकळावं.

आज मात्र तिला शिकवणाऱ्या मोठ्या सर्जनने, सरांनी, शब्द दिला होता, खुब्याचं हाड मोडलेली आजी तुझी. आजीही म्हणाल्या होत्या, “तूच करणार ना गं? मग मला घोर नाही.”

हात धुऊन ती टेबलाशी आली, तर तिच्या जागी लंबू उभा. हा तिच्याच वर्षाचा शिकाऊ डॉक्टर.

“अरे, ही केस माझी आहे.”

“सरांनी आत्ताच मला करायला सांगितली.”

“आत्ता कुठे?”

“आत. चहा पिताना.” लंबू ओशाळला. “मला वाटलं, तुला माहीत असेल.”

कपाळावर हात मारावा, तर हात ऑपरेशनसाठी धुतलेले, कुठे लावायची सोय नाही. तिने सरांकडे पाहिलं.

“अगं, तू तिथे नव्हतीस ना,” सर अगदी मायेने म्हणाले. “पुढची तुझी.”

तिथे नव्हती! असणार तरी कशी? कोणती केस कोणाची, हे त्या डावीकडच्या दारामागे ठरायचं, शर्टाची बटणं सोडता सोडता. भांडावं तरी कुणाशी? कुणी दुष्ट असता, तर निदान चार शब्द सुनावता आले असते. तिने दातओठ खाल्ले आणि पुन्हा पाय धरला.

संध्याकाळी आजींनी तिचा हात कुरवाळत म्हटलं, “छान केलंस हो.” तेव्हा मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी सर आले, तर डावीकडच्या दाराशी स्टूल टाकून ही भिंतीकडे तोंड करून बसलेली. आत लंबू चहाचा पेला घेऊन खुसखुसत होता.

“इथे काय मांडलंयस हे?” सरांनी विचारलं. “बरं दिसतं का?”

“तुम्ही निवांत कपडे बदला, सर, फक्त दार किलकिलं राहू द्या. मी पाठ फिरवूनच बसलेय. हं, आजचा गुडघा कोणाचा?”