खव्याच्या भट्टीवरचा उमेदवार

भूमच्या खव्याच्या भट्टीवर मी एका अनोळखी माणसाला प्रेमातला सल्ला दिला, हा माझा ताजा मूर्खपणा. तरुणपणी मी मोगऱ्याच्या एका गजऱ्यावर अख्खा नवरा पसंत केला होता, एवढीच माझी अक्कल.

माणूस पन्नाशीचा, मिशीला अजून कलप. बायांना नादी लावण्यात एके काळी त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. या भट्टीच्या मालकिणीला लग्नाचा शब्द देऊन तो दुसरीच्याच मागं गेला होता, हे बाजारात कुणीही सांगेल. आता तिचं मन वळवायला रोज तिच्याच कढईपुढं धुरात बसतो. दूध घालायला बाया आल्या, की मान आणखी खाली घालून उलथनं फिरवतो.

"वर बघायला बंदी हाय का रं?" मी चिडवलं.

"आजी, नजर हटली की खवा करपतो. माणसाचं बी तसंच. मला लई उशिरा कळलं."

मी पाघळलेच. म्हणाले, "गजरा दे तिला." बिचाऱ्यानं दिला. तिनं तो म्हशीच्या शिंगाला बांधला.

पुढच्या खेपेला खवा तोलता तोलता मालकीण मला म्हणाली, "आजी, गजरे त्यानं गावभर वाटले. धुरात बसला तो माझ्या एकटीसाठी. माझं मन वळाय लागलंय, तुमी आता मधी पडू नगा."