आडवे डॉक्टर

आमच्या अल्लीपूरच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात रोग्यासाठी खुर्ची नव्हती. एक बाज होती, सुतळीने विणलेली, आणि कोणीही आत आलं की डॉक्टर वर न बघताच म्हणायचे, "आदी आडवे व्हा." बोट कापलेलं असो, कान ठणकत असो, की कोणी नुसतं मुलीच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन आलेलं असो, आधी बाजेवर आडवं व्हायचं, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजून घ्यायचा, मग उठून उभं राहायचं आणि पुन्हा मोजायचा. त्यानंतर काय ते बोला. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते बहुधा पोस्टमनच वाचत असावा. सगळा गाव त्यांना 'आडवे डॉक्टर' म्हणायचा आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे.

गावातले एक मोठे शेतकरी मात्र अडून बसले. सोबत गडीमाणसं होती आणि त्यांच्यादेखत बाजेवर पाय ताणून पडणं त्यांना शोभेना. डॉक्टर म्हणाले, "बरं, तुम्हाले उभ्यानंच औषध देतो. पण एखाद दिवशी पडसान तवा आडवेच पडसान, ध्यानात ठेवजा." शेतकरी फणफणत निघून गेले. दुसऱ्या दिवशी गडीमाणसांना घरी ठेवून आले आणि मुकाट्याने आडवे झाले.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते मला बाबांमुळे कळलं. माझे बाबा गावच्या शाळेचे हेडमास्तर, गणित शिकवायचे. संध्याकाळी डॉक्टर आमच्या ओसरीवर येत आणि दोघांची बैठक जमे. डॉक्टर नागपूरला शिकले होते, शहरात सहज बस्तान बसवू शकले असते, पण घरची शेती आणि विधवा थोरली बहीण इथे, म्हणून गावी परतले. येताना मात्र एक वेड घेऊन आले. माणसाच्या मेंदूला रक्त किती पोचतं, आणि ते कमी पडलं की काय होतं, या एकाच प्रश्नाने त्यांना पछाडलं होतं. आगबोटीने कधीच्या काळी निघालेली इंग्रजी मासिकं त्यांच्याकडे शिळी होऊन पोचायची, तीच ते पुन्हा पुन्हा वाचत. परदेशातल्या शास्त्रज्ञांनी म्हणे माणसाला कसलासा वायू हुंगायला देऊन मेंदूतून वाहणारं रक्त चक्क मोजलं होतं. हे बाबांना सांगताना त्यांचा चेहरा असा फुलायचा, जणू घरचंच कार्य आहे.

"पण डॉक्टर, तुमच्याकडे ना तो वायू, ना ते यंत्र," बाबा त्यांना डिवचत. "तुम्ही कशाने मोजणार?"

"यंत्र नाई गुरुजी, पण माणसं हायेत ना! उन्हात कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून राह्यलेला माणूस वाकून उभा राह्यला का त्याले गरगरते. काऊन गरगरते? ते तर मोजता येते मले."

आणि ते खरोखर मोजत. उन्हाळ्यात ज्यांचा दाब उभं राहताच कोसळायचा, त्यांना ते बाटलीभर औषधाऐवजी मीठ घातलेलं ताक प्यायला सांगत. लोकांना वाटे, हा कसला डॉक्टर, ताक तर घरीही मिळतं. आईचंही फारसं वेगळं मत नव्हतं.

एकदा कारंज्याचे माझे मामा आले होते, त्यांची संत्र्याची बाग होती. त्यांनी विचारलं, रक्त कमी पडलं म्हणजे नेमकं होतं काय? डॉक्टर म्हणाले, "मामा, मोटेचं पाणी कमी झालं तर तुमच्या बागेत आदी कोणतं झाड सुकते?" मामा म्हणाले, पाटाच्या शेवटचं. "झालं तर मंग. मेंदूतबी तसंच हाये. आन मेंदू काई साठवून नाई ठेवत. वाहतं हाये तोवर त्याचं." त्यानंतर मामा गावोगाव डॉक्टरांचे गुण गात फिरले, आणि दुखणं नसलं तरी येऊन बाजेवर पडून जाऊ लागले.

डॉक्टरांचं कायमचं भांडण होतं ते गावच्या न्हाव्याशी. दाढी झाली, डोक्याला चंपी झाली, की तो हनुवटी धरून मान काडकन मोडायचा आणि गिऱ्हाईक सुखाने डोळे मिटायचं. डॉक्टरांचा जीव खालीवर व्हायचा. "अरे बाप्पा, मानेतून मेंदूच्या नळ्या जातेत! तू मान मोडून राह्यला का नळ्या?" न्हावी म्हणे, बापजाद्यांपासून मोडतोय, कोणाचं काही गेलं नाही. डॉक्टर स्वतः दाढीला बसले की दोन्ही हातांनी आपली मान घट्ट धरून बसत. गाव हसायचा. मीही तेव्हा पोट धरून हसले आहे.

मग ती सकाळ आली. मी मॅट्रिक होऊन घरीच होते. शाळेत प्रार्थना चालू होती आणि ती मध्येच थांबली, एवढंच आम्हाला घरात ऐकू आलं. शाळा आमच्या घराला लागूनच. आई आणि मी धावत गेलो तर बाबांना व्हरांड्यात खुर्चीवर बसवलेलं. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात खुर्चीबाहेर लोंबकळत होता, आणि ते काहीतरी सांगू बघत होते, त्याला शब्दाचा आकारच नव्हता. एका मास्तरांनी मागून त्यांचं डोकं सरळ धरलं होतं, दुसरे फोडलेला कांदा नाकाशी नेत होते, तिसऱ्यांच्या हातात पाण्याचा तांब्या. सगळे प्रेमाचेच लोक होते. हेडमास्तरांना ताठ बसवून ठेवणं हाच त्यांचा मान, असं त्यांना वाटत होतं.

डॉक्टर सायकल आडवी टाकून आत आले ते ओरडतच. "पाणी नोका पाजू! घसा काम नाई करून राह्यला. आडवं करा त्यायले!"

शाळेत बाज नव्हती, बाकं वीतभर रुंदीची. उरली ती व्हरांड्याची शेणाने सारवलेली जमीन. आणि जमीन म्हटल्यावर सगळे हात थबकले. आमच्याकडे माणसाला खाली घेतात ते शेवटच्या घटकेला. त्याच्या तोंडात तुळशीचं पान घालतात. आईने खुर्चीचे दोन्ही हात गच्च धरले आणि किंचाळली, "खाली नोका घेऊ हो यायले! जित्ते हायेत ते अजून!"

डॉक्टरांनी काही समजावलं नाही. समजावायला वेळच नव्हता. त्यांनी कोट काढून मला दिला, आणि तो एवढा शिकलेला माणूस, सगळ्या शाळेदेखत, त्या सारवलेल्या जमिनीवर सरळ उताणा पडला.

"बाई," ते आईला म्हणाले, "मी झोपलो खाली. मेलो का मी? आता गुरुजीले माह्या बाजूले ठेवा."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिचे हात सुटले. आम्ही बाबांना उचलून त्यांच्या शेजारी निजवलं. डॉक्टरांनी पडल्यापडल्याच बाबांना कुशीवर वळवलं, त्यांच्या मानेवर बोटं ठेवली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "गुरुजी, मी हाये तुमच्या बाजूले. भेऊ नोका. दोघंबी संगंच उठू. घाई नाई." बराच वेळ ते दोघे तसेच पडून होते. मग बाबांच्या उजव्या हाताची बोटं जमिनीवर जराशी हलली. ती आईनेच आधी पाहिली.

पुढचे दिवस बाबा घरी पाठीवर. भेटायला येणाऱ्यांसमोर पडून राहणं बरं दिसत नाही म्हणून काकांनी एकदा त्यांना लोडाला टेकवून बसवलं, आणि थोड्याच वेळात सुधारत आलेला हात पुन्हा ढिला पडला. डॉक्टरांनी येऊन लोड काढून टाकला, हातात परत जोर आला, तेव्हा ते काकांना म्हणाले, "पाह्यलं? रक्त चढून नाई राह्यलं अजून. शेवटच्या झाडाले पाणी पोचू द्या." रोज ते बाबांना थोडंथोडं उंच करत गेले. उठवण्याची रीतही त्यांनी ठरवून दिली. आधी बसायचं. मग थांबायचं. मग उभं राहायचं.

हात आला, पाय आला, पण जीभ येईना. बाबा माझ्याकडे बघायचे, ओठ हलायचे आणि डोळ्यांत पाणी यायचं. न बोलणारा हेडमास्तर काय करणार, ही एकच चिंता घरभर होती आणि ती सर्वांत जास्त त्यांनाच होती. डॉक्टर औषधं देत होते, पण त्या सुमाराला त्यांनी आणखी एक उद्योग सुरू केला. रोज येऊन बाबांच्या उशाशी बसायचं आणि मोठ्याने पाढे म्हणायचे, तेही चुकीचे. "सात चोक अठ्ठावीस. सात पंचे पस्तीस. सात सक अठ्ठेचाळीस." मला वाटलं, डॉक्टरांचं आता फारच झालं. बाबा अस्वस्थ व्हायचे, मान हलवायचे, डॉक्टर पुन्हा तिथेच चुकायचे. असे कितीतरी दिवस गेले. आणि एका दुपारी, "सात सक अठ्ठेचाळीस" म्हणताच बाबांनी बाजेवर हात आपटला.

"बेचाळीस!"

आई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आली. डॉक्टर खिशातून रुमाल काढून उगाच चष्मा पुसत बसले. "माह्यं गणित पयलेपासून कच्चंच हाये, गुरुजी," ते म्हणाले. एरवीचे शब्द हरवले तरी घोकलेलं मागे राहतं, हे त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. पण कुठला पाढा चुकवला की माझ्या बाबांना सहन होणार नाही, हे कुठल्याही मासिकात नव्हतं. ते त्यांना ओसरीवरच्या बैठकींनी शिकवलं होतं.

बाबा काठी घेऊन, जरा अडखळत, पण पुन्हा वर्गावर गेले. मला त्यांच्याच शाळेत नोकरी लागली तेव्हा माझा पहिला तास त्यांनी दारात उभं राहून ऐकला. आमच्या घरातली त्यानंतरची सगळी वर्षं डॉक्टरांनी दिलेली आहेत, असं मी मानते. पुढे शाळेत प्रार्थनेला एखादी मुलगी चक्कर येऊन पडली आणि चार जण तिला उभं करायला धावले, की मी आधी ओरडायची. तिला जमिनीवर निजवायची, तिचंच दप्तर तिच्या पायांखाली सरकवायची, आणि तेवढ्यात डॉक्टरांची आठवण येऊन जायची.

डॉक्टर गेले ते हृदयाच्या दुखण्याने. ज्या माणसाने जन्मभर मानेच्या वर लक्ष ठेवलं, त्याला दगा खालून झाला. आम्ही पोचलो तेव्हा बहिणीने त्यांना रीतीप्रमाणे खाली घेतलेलं होतं. खोली माणसांनी भरलेली, सगळे हात जोडून उभे, त्यांत तो न्हावीही होता आणि तो सगळ्यांत जास्त रडत होता.

बाबा आत आले. त्यांनी काठी भिंतीला लावली, एक हात जमिनीवर टेकत हळूहळू खाली बसले आणि डॉक्टरांच्या शेजारी सरळ उताणे पडले. "गुरुजीले काई झालं!" कोणीतरी ओरडलं. चारपाच जण त्यांना उचलायला वाकले. आईनेच त्यांना आडवा हात केला.

"राहू द्या," ती म्हणाली. "त्याईचा वायदा हाये."

बाबा छताकडे बघत पडून होते. त्यांनी आपला अधू हात डॉक्टरांच्या हातावर ठेवला होता. बऱ्याच वेळाने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली वाकले, पण त्यांनी मला हाताने थांबवलं. ते आधी बसले. मग थांबले, नेहमीपेक्षा जास्तच थांबले, शेजारी बघत. आणि मग एकटेच उभे राहिले.