होल्डवर ठेवलेलं लग्न

आमच्या साडूंनी या जगातली एकही गोष्ट तपासल्याशिवाय स्वीकारलेली नाही, आणि त्यात मीही आलो. माझं लग्न ठरत होतं तेव्हा सासरचे थोरले जावई म्हणून ते मला बघायला सांगवीला आले. त्यांनी मला गॅलरीत उजेडाकडे तोंड करून उभं केलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि सासऱ्यांना म्हणाले, "फिनिशिंग बेताचं आहे, पण चालून जाईल." चाकणला गिअर बनवणाऱ्या एका कंपनीत ते क्वालिटी खात्यात आहेत. तिथे पास मालाला हिरवा स्टिकर लागतो, नापास मालाला लाल, आणि ज्याचा निकाल लागायचा आहे त्याला पिवळा लावून बाजूला ठेवतात; त्याला म्हणतात होल्ड. हे स्टिकर त्यांच्या खिशात कायम असतात आणि तळेगावातलं त्यांचं घर या स्टिकरांनी नटलेलं असतं. शिट्टी न देणाऱ्या कुकरला लाल, शेजाऱ्यांनी पाठवलेल्या लोणच्याला पिवळा. दिवाळीत हा माणूस कंपनीतली मोजपट्टी काढून चकल्यांचा व्यास मोजतो. दोष सापडला की 'का' विचारत मुळापर्यंत जायचं, ही त्यांच्या खात्याची रीत ते घरीही पाळतात. एकदा आमटी करपली. का करपली, गॅस मोठा का होता, लक्ष का नव्हतं, असं करत ते खोलात शिरले तेव्हा माझी मेव्हणी शांतपणे म्हणाली, "कारण तुम्ही स्वयंपाकघरात उभे आहात." तपास तिथेच संपला.

कंपनीच्या वार्षिक तपासणीत त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या निघाल्या, तेव्हा घाबरणं बाजूलाच राहिलं. त्यांनी लॅबवाल्यालाच धारेवर धरलं. "तुमच्या मशीनचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी झालंय?" मशीन ठीक होतं. रक्ताचा कॅन्सर होता, पण संथ जातीचा, वर्षानुवर्षं गुपचूप बसून राहणारा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत्ता औषधाची गरज नाही, दर काही महिन्यांनी तपासत राहू. यावर मात्र साडू हबकले. "राव," ते मला म्हणाले, "दोष सापडलाय आणि लाइन चालूच ठेवायची? आमच्याकडे असं कुणी केलं तर घरी पाठवतात."

त्यात डॉक्टरीणबाईंनी जाता जाता सांगितलं होतं की हा आजार काही घरांत जास्त दिसतो. झालं! साडूंच्या डोक्यात कच्च्या मालाचा संशय शिरला. कच्चा माल सदोष निघाला तर त्यातून तयार झालेलं सगळंच निकाल लागेपर्यंत अडवायचं असतं. त्यांच्या लेकीचं लग्न तेव्हा वाकडच्या एका मुलाशी जवळजवळ ठरलं होतं. साडूंनी बोलणी थांबवली आणि तिच्या खोलीच्या दाराला पिवळा स्टिकर लावला. संध्याकाळी कामावरून आलेल्या लेकीने तो पाहिला, सोलून काढला, बापाच्या शर्टावर चिकटवला आणि म्हणाली, "बाबा, मी पार्ट नाहीये. चला डॉक्टरांकडे, त्यांनाच विचारू."

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. कॅन्सर असा जसाच्या तसा मुलांकडे जात नाही. पेशींमधला बिघाड साडूंच्या आयुष्यात, त्यांच्याच रक्तात झाला. आईबापांकडून येतात ते जनुकांमधले बारीक फरक. ते पुष्कळ असतात, एकेकाचं वजन अगदी थोडं, पण एखाद्या घरात ते जास्त गोळा झाले तर तिथे धोका वाढतो. "तरीही अशा घरांतल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. तिला काही त्रास नाही ना, गळ्याला गाठी वगैरे? मग तिची तपासणीही नको."

साडू खुर्चीतून उठलेच. "म्हणजे टॉलरन्स! मॅडम, कुठलाच पार्ट हुबेहूब मापाचा नसतो. केसभर इकडे, केसभर तिकडे चालतं. एकेक पार्ट पासच असतो. पण सगळेच एका अंगाला झुकलेले निघाले, तर जोडताना कधीतरी अडकतं. कधीतरी! नेहमी नाही!" बाई हसून हो म्हणाल्या. परतताना गाडीत साडूंचा हात खिशाकडे जाताना दिसला, तशी लेक म्हणाली, "हिरवाही लावायचा नाही."

आता खरा प्रश्न उभा राहिला, वाकडच्या मंडळींना सांगायचं की नाही. साडूंचे थोरले बंधू गावाकडून आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तोंड मिटून ऱ्हा. आबाला बी गळ्याला गाठी हुत्या. कुनाला कळू दिलं का? न्हाई. म्हून भैनींची लग्नं झाली." साडू त्यांच्याकडे बघतच राहिले. "दादा, हे तुम्ही मला आज सांगताय?" दादा टोपी सारखी करत उठले.

बोलणी पुरी करायला साडू, दादा आणि मी असे तिघे वाकडला गेलो. पोहे झाले, चहा आला, आणि साडू कप खाली ठेवून उभे राहिले. आपला आजार, वडिलांच्या गाठी, मुलीचा थोडासा वाढलेला धोका, काही म्हणता काही दडवलं नाही. "दोष झाकून माल मी आयुष्यात कधी पुढे सोडला नाही," ते म्हणाले, "आणि ही तर माझी लेक आहे. तिला कुणी उद्या फसवणूक म्हणू नये. तुम्ही नाही म्हणालात तरी मी रागावणार नाही." दादा जमिनीकडे बघत होते. मुलाचे वडील उठून आत गेले, आणि लग्न मोडलं असं मी धरून चाललो. पण खरं सांगतो, या माणसाचा साडू असल्याचा मला तेव्हा जेवढा अभिमान वाटला, तेवढा माझ्या स्वतःच्या कुठल्या गोष्टीचा कधी वाटलेला नाही.

मुलाचे वडील आतून बायकोला घेऊन आले. बाई लातूरकडच्या, मोकळ्या तोंडाच्या. पदर सावरत म्हणाल्या, "आता तुमी इतकं सांगितलाव, तर आमचं बी ऐका. ह्यांच्या घरात समद्यांना साखर हाय. माझ्या माहेरी हार्ट. सांगायचं ऱ्हायलंच होतं बघा." मग मुलाचे वडील म्हणाले, "बाकी राहू द्या हो. तुम्ही तब्येत सांभाळा, मांडवात तुम्हाला उभं राहायचंय." आणि साडू उभे राहिले, वरातीत नाचलेसुद्धा, तेही तालाबाहेर.

लग्नानंतर थोड्याच दिवसांनी दादा तळेगावला आले. आल्या आल्या त्यांनी धाकट्या भावाचा हात धरला आणि स्वतःच्या गळ्यावर, कानाखाली नेऊन ठेवला. तिथे गाठी होत्या, बऱ्याच जुन्या.

मी दोघांबरोबर दवाखान्यात गेलो. बाकं भरलेली होती. सिस्टरने हळूच, दादांना संकोच वाटू नये अशा बेताने विचारलं, घरात आणखी कुणाला असा आजार आहे का? दादांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि शेताच्या पलीकडे हाक जावी अशा आवाजात म्हणाले, "हाय की! बापाला हुता. आन ह्यो माझा धाकटा, ह्याला बी हाय." सगळी बाकं आमच्याकडे वळली. साडूंनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. दादांचा नंबर पुकारेपर्यंत ते तो पुसतच होते.