राजूर घाटात सटकणारी आमची अँबेसिडर

गेल्या गुरुवारी राजूर घाटात आमच्या अँबेसिडरने माझा घाम काढला. मी ॲक्सिलरेटर दाबतेय, इंजिन बोंबलतंय, आणि गाडी मात्र बैलगाडीच्या चालीने... मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून डोकं उठवत होता ते वेगळंच.

त्यात तो जळका वास! तव्यावर रबरी चप्पल ठेवल्यासारखा. क्लच प्लेट स्लिप होतेय, म्हणजे इंजिनचा जोर चाकांपर्यंत पोचतच नाही, हे कळायला मेकॅनिक असायची गरज नव्हती. पण प्लेट तर नुकतीच नवी टाकलेली... तीही दुसऱ्यांदा.

ही गाडी म्हणजे बाबांचा जीव. माझ्या जन्माच्या आधीची, गिअरचा दांडा स्टिअरिंगला, पुढची सीट बाकड्यासारखी सलग. आणि माझी भाची ऋतुजा हट्ट धरून बसलेली, की लग्नाच्या हॉलवर जाईन तर आबांच्याच, म्हणजे आमच्या बाबांच्याच, मोटरमधून, आणि चालवतील तेही आबाच! घर मोताळ्याला, हॉल बुलढाण्यात, मध्ये हा घाट... आणि लग्न रविवारी.

नवरी घाटात अडकली तर? तिचे वडील, म्हणजे माझा भाऊ, भाड्याची गाडी सांगायच्या बेतात होता. बाबा त्या विषयावर कोणाशी बोलतच नव्हते.

माझा स्वभाव असा, की काही बिघडलं की मला बसवत नाही. घरात पाहुणे, रुखवताची मांडामांड, आणि मी ओट्यावरून गाडीपाशी, गाडीपासून ओट्यावर... शेवटी आई वैतागली, "पायाले भिंगरी बांधली का वं तुह्या?"

शुक्रवारी सकाळीच गजूभाऊंना बोलावलं. ते आमचे नेहमीचे मिस्त्री, दोन्ही प्लेटा त्यांनीच टाकलेल्या. खरं सांगते, माझा संशय त्यांच्यावरच होता... हलका माल टाकला असणार. तसं तोंडावर बोललेही. बिचारे लालबुंद झाले.

मग आम्ही गाडी तपासायला घेतली. हँडब्रेक ओढला, टॉप गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी धक्का खाऊन बंद पडायला हवी होती. पण इंजिन आपलं मजेत चालू... म्हणजे प्लेट धरतच नव्हती.

मी खाली वाकून क्लचचं पेडल हाताने दाबून पाहिलं. पेडल सुरुवातीला थोडं रिकामं जायला हवं, त्याला प्ले म्हणतात. इथे हात टेकवला की लगेच जड! पाय नसतानाही क्लच सतत थोडा दाबलेलाच... प्लेट जळणार नाही तर काय होणार?

"ताई, म्या प्ले ठेवूनच गाडी देल्ली होती. महाराजाची आन!" गजूभाऊ गाडीखाली शिरले आणि तिथूनच ओरडले, "क्लचचा हा नट कोनं तरी आवळला हो! पान्याचे ताजे वळ हायेत याच्यावर."

बाबा अंगणात खुर्चीत पेपर वाचत होते... पेपर चेहऱ्याच्या जरा जास्तच जवळ आला होता.

"बाबा?"

"सुभाषकून आवळून घेतला मी," पेपरामागून आवाज आला. सुभाष म्हणजे आमचं सोयाबीन काढायला येतो तो थ्रेशरवाला. "पेडल लय खोल जाऊन राह्यलं होतं. आवळल्यावर अर्ध्यातच काम होते. मंग मोटर सटकाले लागली, त सुभाष म्हने अजून आवळा. थ्रेशरचा पट्टा सटकला का आवळतोच ना आपण?"

गजूभाऊंनी कपाळावर हात मारला. अहो, पट्टा ढिला झाला की सटकतो, आणि क्लच जास्त आवळला की! गजूभाऊ नवी प्लेट टाकून प्ले ठेवून जायचे, आणि त्यांची पाठ फिरली की बाबा सुभाषला फोन लावायचे...

मला हसू फुटलं, आणि मध्येच अडकलं. पेडल खोल जातं म्हणजे काय? ते तर आधीपासून तेवढंच खोल होतं... मी बाबांच्या डाव्या गुडघ्याकडे पाहिलं. पायजम्याखाली पट्टी बांधलेली दिसत होती. त्यांनी पटकन त्यावर हात ठेवला.

"काऊन नाही सांगितलं तुम्ही?" माझा आवाज चढलाच.

"सांगतलं असतं त चावी घेतली असती तुमी."

हो, घेतलीच असती.

गजूभाऊंची मी माफी मागितली. त्यांनी मलकापूरहून प्लेट आणून बसवली, पुन्हा प्ले ठेवला. संध्याकाळी बाबा गाडीत बसले, पेडल पूर्ण दाबलं, ओठ घट्ट मिटले... आणि आपले आपणच खाली उतरले. चावी माझ्या हातात दिली. त्या चावीचं मला इतकं ओझं झालं, की धड चहाही गेला नाही.

रविवारी मी स्टिअरिंगवर, शेजारी बाबा फेटा बांधून, मागे नवरी. बाबा खिडकीबाहेरच बघत होते. घाट सुरू झाला, मी क्लच दाबला आणि म्हटलं, "बाबा, सेकंड टाका."

त्यांनी वळून पाहिलं. मग हात लांबवला आणि स्टिअरिंगजवळचा दांडा अलगद ओढला...

अख्खा घाट आम्ही असाच चढलो, पाय माझा आणि हात बाबांचा. एका वळणावर मी क्लच दाबायला उशीर केला, गिअर खर्रकन वाजला, आणि बाबा खेकसले, "ध्यान कुठी हाये तुहं?" इतकं बरं वाटलं सांगू त्या खेकसण्याने!

हॉलवर व्याह्यांनी विचारलं, एवढी जुनी गाडी घाटातून आणली कोणी?

"मी," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे बघून... "क्लच हिचा होता."

आजवर मिळालेल्या सगळ्या शाबासक्या एकीकडे, आणि ही एकीकडे.