मध्यंतरात सांगितलेलं कुलदैवत

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही. आणि आता सांगायला बसले, तर आधी त्या ऑपेरा हाऊसच्या झुंबरांचं वर्णन करावंसं वाटतंय — म्हणजे बघा, अजून टाळतेच आहे.

आम्ही मस्कतला, माबेल्यात राहतो. माझी दहा वर्षांची लेक मित्रा नाच शिकते, तिला बॅले बघायचा होता. ह्यांची रुसैलच्या फॅक्टरीत शिफ्ट, म्हणून आम्ही दोघीच गेलो. तिथे नीटनेटके कपडे लागतात, तर मी हौसेनं पैठणी नेसले. जुन्या ऑपेराचा बॅले केलेला — गाणं काढून टाकलेलं, सगळी गोष्ट नुसत्या नाचातून. मित्रा खुर्चीच्या अगदी टोकाला बसली होती. मीही खूश होते. का नसावं?

मध्यंतरात पैठणी बघून मराठी मंडळातल्या एक वहिनी जवळ आल्या. गोड बाई. गाव विचारलं, आडनाव विचारलं. आमचं आडनाव असं, की त्यावरून काही कळत नाही. मग हसून म्हणाल्या, "कुलदैवत कुठलं तुमचं?"

हा प्रश्न कशासाठी असतो, तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. आम्ही बौद्ध, माहेर-सासर दोन्हीकडून. दीक्षा घेतल्यावर आजोबांनी देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले, ते माझ्या वडिलांनी, आबांनी, लहानपणी काठावर उभं राहून पाहिलंय. किती अभिमानानं सांगतात. आणि मी — साइटवर भल्याभल्यांना यल्ला यल्ला करून पळवणारी इंजिनिअर — मी म्हणाले, तुळजापूरची भवानी.

कुणी गळ्यावर सुरी ठेवली होती का? वहिनी काय, खाणार होत्या मला? वर लेकीचं नाव विचारलं, तर नुसतं मित्रा सांगून मोकळी झाले. संघमित्रा म्हणाले नाही. ती शेजारीच उभी होती, ज्यूस पीत.

पुढचा बॅले मला दिसलाच नाही. नायिका मेली, हे मित्राने गाडीत सांगितलं. मग विचारलं, "आई, कुलदैवत मीन्स?" मी म्हटलं, घराण्याचा देव. खलास, विषय संपला असं मला वाटलं.

पण मी शेण खाल्लं ते पुढे. वहिनींचं काय, ते निभलं असतं —

शुक्रवारी आबांचा व्हिडिओ कॉल आला. मित्राचं मराठी अडखळतं, त्यामुळे नवा शब्द मिळाला की तो आधी आबांना ऐकवायचा असतो. "आबा, आपलं कुलदैवत तुळजापूरची भवानी." आबा हसायचे थांबले. रागावले नाहीत. चष्मा पुसला आणि विचारलं, हे कुणी शिकवलं बाळा?

मित्राने माझ्याकडे बघितलं. मी पोळ्या लाटत होते. मान वर न करता म्हणाले, "शाळेत ऐकलं असेल कुणाचं तरी. काहीही बोलते."

तिने पुन्हा स्क्रीनकडे बघितलं. मग म्हणाली, "हो आबा. शाळेत."

आबांनी तिला टाकांची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, सावकाश, समजावून. चूक तिची होती ना. तिने मान खाली घालून सगळी ऐकून घेतली. मी पोळ्या संपवल्या.

आता आबांचा फोन आला की ती लगेच उचलत नाही. आधी माझ्याकडे येते आणि विचारते, आई, आज काय सांगायचं?