सातव्या फेरीनंतर

"पहिल्या फेरीतल्यांचं कौतुक करायला सगळं जग बसलंय. सातव्या फेरीतल्यांचं काय, ते बोला."

ऑफिसात कुणी नव्या हुशार मुलाची तारीफ करू लागलं की ते चष्मा कपाळावर ढकलायचे आणि हे वाक्य टाकायचे. नव्या माणसाला काही कळायचं नाही. मग आमच्यापैकी कुणीतरी म्हणायचं, "आता बस. अर्धा तास गेला तुझा."

इथे जपानात, निशी-कसाईत जे वीसेक वर्षांपूर्वी राहायला होते, त्यांना ते आठवत असतील. स्टेशनच्या दक्षिणेला आमच्याच इमारतीत, माझ्या दोन मजले वर त्यांचं घर होतं. तरुणपणी ते अमेरिकेत शिकायला गेले होते. तिथल्या विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासताना त्या शहराच्या फुटबॉल संघाचं वेड त्यांना लागलं. आपला फुटबॉल नव्हे. हेल्मेट घालून, लांबट चेंडू छातीशी धरून धावतात तो. खेळाचे नियम त्यांनी मला अनेकदा समजावले, मला आले नाहीत. त्यांचा खरा जीव मात्र सामन्यांत नव्हता. वर्षातून एकदा तिथले सगळे संघ कॉलेजातल्या खेळाडूंमधून आपापली माणसं निवडतात, त्यात होता. त्याला ते 'ड्राफ्ट' म्हणायचे. तिथे गुरुवारची संध्याकाळ म्हणजे इथे शुक्रवारची सकाळ. त्या शुक्रवारी त्यांची रजा ठरलेली असे.

आपल्या संघाने कुठल्या वर्षी कुणाला घेतलं, हे ते घरातल्या लग्नकार्यांसारखं सांगायचे. एका वर्षी सगळ्यांच्या आधी निवडलेला देखणा मुलगा दोन हंगामांत गुडघा धरून बसला. त्याच वर्षी सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत घेतलेला एक शिक्षकाचा मुलगा केस पांढरे होईपर्यंत खेळला. "निवडणाऱ्याला काय दिसतं?" ते विचारायचे. "उंची, वजन, पळण्याचा वेग. माणूस नंतर दिसतो."

मी म्हणायचो, "तुम्हाला आवडणारा नियम कोणता?"

"जो संघ गेल्या वर्षी सगळ्यात वाईट खेळला, त्याला पहिली निवड. बघा साहेब, केवढी माया आहे यात."

ते मला साहेब म्हणायचे. पदाने मी वर होतो, वयाने ते. दसऱ्याला माझी बायको त्यांना वाकून नमस्कार करायची आणि दुसऱ्या दिवशी मी त्यांना कामं सांगायचो. ते हसत ऐकायचे. अवघडायचो मीच.

रविवारी आराकावा नदीच्या काठावर आम्ही क्रिकेट खेळायचो. संघ पाडायचं काम त्यांचं. आदल्या रविवारी हरलेल्या कप्तानाला पहिली निवड. एकेक नाव खणखणीत पुकारायचे. शेवटी उरलेल्याशी मात्र स्वतः जाऊन हात मिळवायचे. बहुतेकदा तो कुणाचा तरी सासरा असायचा, सुनेच्या बाळंतपणासाठी आलेला.

"माझं कशाला, मी नुसता बघतो," तो म्हणायचा.

"शेवटी का होईना, नाव पुकारलंय तुमचं. आता मैदानात यावंच लागेल."

मग आमच्या शाखेचं एक मोठं काम गेलं. पुण्याच्या मुख्य ऑफिसातून कळवलं की शाखेचे दोन विभाग करा, एक माझ्याकडे आणि एक मुंबईहून आलेल्या दुसऱ्या मॅनेजरकडे. माणसं आपसांत वाटून घ्या, थोडी कमी झाली तरी चालतील. माणसांवरून आमचं दोघांचं जमेना. तेव्हा मीच म्हणालो, ड्राफ्ट करू. पाळीपाळीने एकेक नाव घेऊ. नियम नीट माहीत करून घ्यायला मी त्यांनाच बोलावलं. कशासाठी, ते सांगितलं नाही.

ते खुश झाले. फळ्यावर फेऱ्यांचे रकाने आखले, कोणाची पाळी केव्हा ते दाखवलं. जाताना दारातून परत आले. "एक राहिलं. सात फेऱ्या संपल्या आणि ज्याचं नाव आलंच नाही, तो मोकळा. तो आपणहून कुठल्याही संघाचं दार वाजवू शकतो. असेही पुष्कळ मोठे झालेत." त्यांनी दार अलगद लावून घेतलं.

त्यांच्याच रकान्यांत आम्ही नावं भरली. शेवटची पाळी माझी होती. दोन नावं उरली होती, एक त्यांचं. मी दुसरं घेतलं.

त्यांचं काम उत्तम होतं, हे मी इथे लिहून ठेवतो. त्यांना जपानी कमी येतं, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. त्यांचं जपानी माझ्यापेक्षा बरं होतं. वयाने मोठ्या माणसाला रोज कामं सांगायचं अवघडलेपण मला नको होतं. एवढंच कारण.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. त्यांची मुलगी इथल्याच शाळेत शिकत होती आणि शाळेचं शेवटचं वर्ष उरलं होतं. मराठीत विचारलं तर जपानीत उत्तर देणारी मुलगी. आता पुण्यात नेऊन तिला कुठल्या वर्गात बसवायचं? नोकरीवर व्हिसा होता. त्यांच्या वयाला दुसरी नोकरी कोण देणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"म्हणजे मी आता मोकळा," ते म्हणाले. "कुणाचंही दार वाजवू शकतो. म्हणून तुमच्याकडे आलो. एक वर्षासाठी घ्याल का?"

"मी खूप भांडलो हो," मी म्हणालो. "तुमचं नाव पुण्याहूनच कापलं."

त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. मग म्हणाले, "माझ्यासाठी वाईटपणा घेऊ नका साहेब."

दोन महिन्यांनी मी स्टेशनला निघालो होतो, तेव्हा जिन्यात ते मुलीचं अभ्यासाचं टेबल उतरवत होते. पुण्याला नेता येणार नव्हतं; मोठं सामान टाकून देताना लावायचं पालिकेचं स्टिकर त्यावर नीट चिकटवलेलं. "जरा एक बाजू धरता?" मी धरली. वळणावर ते म्हणायचे, "सावकाश, तुमचा हात चेपेल." खाली टेबल ठेवून आम्ही दोघेही दम खात उभे राहिलो. खरं काय ते सांगायला तेवढा वेळ पुरला असता.

गेल्या वर्षी ते पुण्यात वारले. मुलगी आता नोकरीसाठी परत इथे आली आहे, इथून जवळच ओजिमाला राहते. इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत बाबांवर लिहाल का, असं विचारायला ती मला स्टेशनजवळच्या कॉफीच्या दुकानात भेटली. तिचं पुण्यातलं पहिलं वर्ष वाया गेलं होतं. ते तिने सहज सांगितलं.

"बाबा नेहमी म्हणायचे, काका आपल्यासाठी भांडले."

मी सत्तरी ओलांडली आहे. तिला सगळं सांगितलं, वर लिहिलंय तसंच. ती कपाभोवती दोन्ही हात धरून ऐकत होती. संपल्यावर हळूच "सोऽ देस् का" म्हणाली. असं होय. एवढाच त्याचा अर्थ.

मग मराठीत विचारलं, "शेवटी तुम्ही घेतलं ते कोणाला?"

"होता एक मुलगा. सहा महिन्यांत सोडून गेला."

"नाव काय त्याचं?"

मला आठवेना. चेहरा आठवत होता, बसायची जागा आठवत होती. तिची कॉफी निवली तरी ती उठली नाही. उत्तराची वाट बघत माझ्यासमोर बसून राहिली.